घमेल्यातलं पाणी

८ जानेवारी १९९१
आजोळच्या विहिरीवरचा रहाट कुरकुरायचा, तो आवाज आज उगाच कानात घुमला. आणि आलो कुठे, तर पाणी फक्त कवितेत सापडावं अशा मुलखात! दम्माम बंदरापासून दिवसभराच्या वाटेवर, वाळवंटात कंपनीचं गोदाम, माझी पत्र्याची खोली, पाण्याची टाकी. साठीला टेकलेला स्टोअरकीपर मी, मजेत आहे. ट्रंकेत शाळेतलं कवितांचं पुस्तक, माझ्या बायकोने, शेवंताने, वारण्याआधी कव्हर घातलेलं.
ड्रायव्हर इब्राहीम हिंदीत बजावून गेला, चाचा, रोज संध्याकाळी दाराबाहेर घमेलंभर पाणी ठेवायचं. कोण पितं ते बघायचं नाही, कोण म्हणून विचारायचं नाही. बदूंची, इथल्या वाळवंटी भटक्यांची रीत. म्हटलं, बदूंची रीत बदूंनी पाळावी. मी काय त्यांची पाणपोई उघडलीय?

११ जानेवारी
बदू पाहिले. शाळेत वाळवंटाच्या कविता मी डोळे मिटून म्हणायचो. प्रत्यक्षात उंटांचा वास, माश्या, फाटके तंबू. वर एवढ्या चांदण्या, पण हे बसलेत उंटाचे दात तपासत! अंगण नाही, तुळस नाही. नुसतं चालायचं आणि त्यालाच आयुष्य म्हणायचं. घमेलं उपडं घातलं.

१७ जानेवारी
लढाई सुरू झाली. टँकर बंद. इब्राहीम पाणी आणायला दम्मामला गेलाय. दुपारी एक म्हातारा बदू आला, मागे त्याची सून, हातात रिकामी पखाल. त्यांच्या विहिरीवर सैन्य बसलंय म्हणे. मी टाकीचं कुलूप दाखवलं आणि खिडकीतूनच यल्ला, यल्ला, चला निघा, केलं. म्हातारा भांडला नाही. उपड्या घमेल्याला हात लावून तो कपाळी लावला आणि गेला. नाटकी जात!

१९ जानेवारी
इब्राहीम परतला, रिकामाच. टेकाडामागे दोघं सापडली म्हणाला. तोंडात वाळू. पुरून आला. घमेलं सुलटं करून त्यात स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं. चाचा, आता इथे राहू नका, माझ्याबरोबर चला म्हणाला. मी हसलो. अडाणी लेकाचा! तो गेला.

२१ जानेवारी
घमेलं कोरडं. भोवती अनवाणी पावलं. सगळी येणारी. जाणारं एकही नाही. वाऱ्याने पुसली असतील. वाराच.

२२ जानेवारी
टाकीचं कुलूप जसंच्या तसं. नळ सोडला — वाळू. सरसर, सरसर — थांबेचना.

२३ जानेवारी
तांब्याभर पाणी उरलंय. पावलं उंबरठ्यापर्यंत. भर दुपारी रहाट कुरकुरतोय. इथे विहीर कुठली —
दार वाजलं. विचारून बसलो, कोण?
अहो, मी. घोटभर पाणी द्या की.
शेवंता. माझ्या हाताने अग्नी दिला होता तिला — फटीतून पाहिलं. चितेवर नेसवलेलं तेच हिरवं लुगडं. पाय अनवाणी. हातात ती पखाल. बोलताना ओठांतून वाळू —
तांब्या देऊ? शेवटचा आहे. माझा आहे — नाही. यल्ला म्हणावं. तिलाही. यल्ला — जिभेवर काय खरखरतंय — कडी मी नाही काढली, ती आपोआप सर