गोधड्यांचा मॅनेजर

३ नोव्हेंबर, सुरत. जेवणाची सुट्टी.
आजपासून रोज लिहिणार. बिझनेसवाल्या माणसाने लिहून ठेवलं पाहिजे. गोडाऊनमधल्या जुन्या पॅकिंग रजिस्टरची मागची पानं कोरी आहेत, ती घेतली.
बातमी अशी की रसिकाला ऑर्डर मिळाली. आमच्या आरोंद्याला खाडीकडेला अजयने होमस्टे बांधलाय. अजय आठवीपर्यंत माझ्याच बाकावर होता. पुढे तो शिकला, मी कामाला लागलो. त्याला पाहुण्यांच्या खाटांवर टाकायला हाताने शिवलेल्या सहा गोधड्या पाहिजेत, वीस डिसेंबरपर्यंत. आम्ही घरी वाकळ म्हणतो, पाहुणे गोधडी म्हणतात. माल एकच.
रसिका आपली मुलांसाठी शिवत होती. तिला बिझनेसचं काय कळणार. मी चार वर्षं साड्यांच्या गोडाऊनमध्ये गठ्ठे बांधतोय. कापडातलं मला सगळं कळतं. त्यामुळे मॅनेजर मीच.
हे जमलं की नोकरी सोडायची, घरी जायचं, कायमचं. तन्वी चार वर्षांची झाली. ओमकार आठ महिन्यांचा. त्याला मी एकदाच घेतलंय, बारशाला. तेव्हा तो झोपलेला होता.

५ नोव्हेंबर
काल लिहिलं नाही. ट्रक भरायचा होता. पाठ गेली.
रसिकाला फोन लावून म्हटलं, रोजचं टार्गेट ठरव. म्हणाली, "ओमकार निजलो की शिवतंय, उठलो की सोडतंय. ह्यांच टार्गेट."
एक गोधडी किती दिवसांत होते, विचारलं. माझी आये आणि शेजारची विनीताकाकी बसल्या तर आठ दिवस. एक तिच्याकडे तयारच आहे. म्हणजे वीस तारखेला सहा बरोबर बसतात. पण नुसतं बरोबर बसून काय उपयोग. बिझनेस वाढला पाहिजे.

९ नोव्हेंबर
परस्पर अजयला फोन केला. म्हटलं, सहा कशाला, वीस घे. तो म्हणाला, "मेल्या, माझ्याकडे खोलयो तीन आसत." म्हटलं, खोल्या वाढतील, गोधड्या आधी घेऊन ठेव. तो हसला आणि म्हणाला, बघूया रे.
बघूया म्हणजे हो. ऑर्डर वीस, कन्फर्म.
रसिकाला कळवलं. तिने आकडा परत विचारला. मग म्हणाली, डाळ उतू गेली, ठेवतंय.

१२ नोव्हेंबर
कंपनीचं नाव ठरवलं. टी. ओ. क्विल्ट्स. टी म्हणजे तन्वी, ओ म्हणजे ओमकार. रूमवरच्या सातही जणांना आवडलं. क्विल्ट म्हणजे काय ते एकालाही माहीत नव्हतं, तरी आवडलं.
रसिकाकडे प्रॉडक्टचा फोटो मागितला. तिने पाठवला. त्यात ओमकार पालथा पडलाय आणि खाली अर्धी गोधडी दिसते. म्हटलं, पोराला बाजूला करून काढ. म्हणाली, "तुमका झील बघूचो नाय?" म्हटलं, बघायचाय, पण हा प्रॉडक्टचा फोटो आहे.
जेवताना परत बघितला. दोन दात आलेत. मला कोणी सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर
रोज लिहायचं ठरलं होतं. जमत नाही. सणाचा माल परत येतोय, दिवसभर वाहायचा, संध्याकाळी हात वर होत नाहीत.
बिझनेसमधली मुख्य अडचण आज सापडली. कच्चा माल. रसिका वाडीत घरोघर फिरून जुन्या सुती साड्या मागते. आतल्या थराला दाजींची फाटकी धोतरं. दाजी म्हणजे माझे वडील, त्यांना विचारलं तर ते सांगतात, धोतर फाटायला अजून वर्ष आहे. लोकांचे कपडे फाटायची वाट बघत कोण धंदा करतं?
आणि इथे गोडाऊनच्या कोपऱ्यात डिफेक्टच्या साड्यांचा डोंगर पडलाय. शेठला विचारलं. मान वर न करता म्हणाला, "ले जा, कोना खाली होगा." साठ साड्या. सगळ्या नव्या, चकचकीत, पाण्यासारख्या मऊ. गठ्ठा बांधून ट्रॅव्हल्सवर चढवला. घरी सांगितलं नाही. सरप्राइज.

२० नोव्हेंबर
गठ्ठा पोचला. दाजींनी सावंतवाडीहून टेम्पोत घालून आणला. फोनवर पहिलं वाक्य, "ह्यां मढां कोणाचां?" मग कंबर दुखते ते सांगितलं.
रसिकाने फोन लगेच आयेकडे दिला. भारावली असणार.

२२ नोव्हेंबर
तक्रार आली. म्हणे सुई घातली की थर सरकतात. खालची साडी एकीकडे, वरची दुसरीकडे. दोघींनी धरली तरी तिसरीच्या हातातून जाते.
मी क्वालिटीबद्दल समजावत होतो तर आयेने फोन घेतला. "बाबू, नव्या कापडाची वाकळ करतत? ह्यां कापड घाम पिणां नाय. अंगावर झिजलेलां व्हया. तुका जल्मल्यार माझ्या सासयेच्या लुगड्यात गुंडाळलेलंय. दुकानातल्यात नाय." म्हटलं, आये, ही जुनी विचारसरणी आहे. ती म्हणाली, "वाकळ जुनीच आसता रे."
मी हट्ट धरला. एक तरी करून बघा. रसिका शेवटी बरं म्हणाली. बोलण्यात जोर नव्हता. ओमकारला ताप आहे दोन दिवस. मॅनेजरला अशा वेळी ठाम राहावं लागतं.

३० नोव्हेंबर
ट्रायलचा रिपोर्ट. आठ दिवस लागले. धुतली तर पापडासारखी फुगली. आतले थर गोळा होऊन एका टोकाला गेले. विनीताकाकी म्हणाली म्हणे, "उशी आणि चादर एकदम झाली, सुदेश हुशार आसा." रसिकाने पूर्ण उसवली.
मला वाटतं आमच्या विहिरीच्या पाण्याचा दोष आहे.
अजून तीनच तयार. चौथी सुरू. सहावीचे आठ दिवस ट्रायलमध्ये गेले. आणि मला तर वीस करायच्यात. झोप कमी झाली आहे, पण ती रूमवरच्या घोरणाऱ्यांमुळे.

४ डिसेंबर
व्हिडिओ कॉल. तन्वीने फोन घेऊन परड्यात नेलं. माझ्या साठ साड्या मिरचीच्या वाफ्याभोवती बांधल्यात. लाल, जांभळ्या, मोरपिशी. वाऱ्यावर उडत होत्या. दाजी मागून म्हणाले, माकडं यायची थांबली, सुरतेहून चार वर्षांत पहिली उपयोगाची वस्तू आली.
लिहून ठेवतो. साईड बिझनेस होऊ शकतो.
तन्वीला म्हटलं, बाबाला पापी दे. तिने फोन पुसला आणि आयेकडे दिला.

८ डिसेंबर
ठरलं. लांबून मॅनेज होत नाही. घरी जाऊन सगळं हातात घेतो.
शेठला सांगायचं भाषण तीन दिवस पाठ केलं होतं. चार वर्षं, माझा स्वतःचा बिझनेस, तुमचे उपकार, वगैरे. आत गेलो. शेठ फोनवर होता. म्हटलं, मैं जा रहा हूँ. त्याने मान हलवली. मला वाटलं ऐकू आलं नाही, परत म्हटलं. त्याने परत मान हलवली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या जागी नवा माणूस गठ्ठे बांधत होता. गाठ सैल मारतो. दाखवायला गेलो तर म्हणाला, समज गया भैया.
घरी सांगितलेलं नाही.

१४ डिसेंबर, आरोंदा. सकाळ.
पोचलो. गाडीत बसायला जागा नव्हती, दाराजवळ बॅगेवर बसून आलो. पण स्वागत चांगलं झालं. म्हणजे आये पाया पडू देताना म्हणाली, "काय रे, वाळलंस." तन्वी तिच्या पदरामागे गेली. तिथूनच आत ओरडून सांगितलं, "आई, फोनातलो बाबा इलो."
ओमकारला घेतलं. रडला. परत दिला. थांबला.
रसिका ओसरीवर गोधडीत पाय घालून बसली होती. बारीक झाली आहे. बोटांना चिंधी बांधलेली. "रजा किती दिस?" विचारलं. तोंडातून निघून गेलं, दहा दिवस. खरं उद्या मीटिंगमध्ये सांगणार.

१५ डिसेंबर
मीटिंग सकाळी दहाला ठेवली होती. साडेअकराला सुरू झाली. हजर आये, रसिका, विनीताकाकी. विनीताकाकी मधेच भात उतरवायला गेली ती आलीच नाही.
मी उभं राहून वीस गोधड्यांचा प्लॅन सांगितला. रसिकाने सुई थांबवली नाही. सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "अजय दुसऱ्याच दिसा इललो. माका इचारल्यान, वीस करतलंस? मी सांगलंय, सहाच."
म्हटलं, मग मला कोणी का नाही सांगितलं.
"तोच म्हणालो, सुदेशाक सांगा नको. थंय एकटो आसा, तेवढ्यार खुश आसा."
म्हणजे महिनाभर मी चौदा नसलेल्या गोधड्या सांभाळत होतो. कम्युनिकेशन गॅप.
आता पाच झाल्यात. सहावी अर्धी पण नाही. पाच दिवस आहेत. रसिका म्हणाली, एक कमी दिली तर अजय काही बोलणार नाही, पण मग पुढच्या वेळी विचारणार नाही. एवढं बोलून परत खाली मान. ती माझ्या ट्रायलबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं.
नोकरीचं सांगायची ती वेळ नव्हती.

१६ डिसेंबर
स्वतः शिवायला बसलो. दोरा मोठा घेतला म्हणजे परत परत ओवायला नको, ही माझी आयडिया. दोऱ्याला गाठी पडल्या. एक गाठ सोडवताना दुसरी. पाऊण तासात वीतभर शिवलं. विनीताकाकीने जवळ येऊन बघितलं. "ह्यो टाको आसा की मोरीवरची पायरी?" आये हसता हसता खोकायला लागली. रसिका हसली नाही. तिने कात्री घेतली आणि तेवढं उसवलं, हळू, खालचं कापड फाटू नये म्हणून.
ओमकार पाळण्यात ओरडत होता. ती उठली, त्याला घेतलं, झोपवलं, बसली. चार टाके. परत ओरडला. परत उठली. मी मोजायचं म्हणून मोजलं, सकाळपासून अकरा वेळा.
दुपारी मला धुणं घेऊन विहिरीवर पाठवलं. सुरतेत मी एका दमात मणाचा गठ्ठा उचलतो. ओली साडी जड असते, हे कोणी सांगत नाही.

१७ डिसेंबर
काही लिहिण्यासारखं नाही. दाजींनी विचारलं, परत जायचं तिकीट काढलंस का. म्हटलं, बघतो.

१८ डिसेंबर. दुपार.
सांगितलं.
आये विनीताकाकीकडे दोरा आणायला गेली होती. रसिका एकटीच होती, मांडीवर ओमकार, त्याच्यावरून हात लांब करून शिवत होती. मी म्हटलं, रजा नाही. नोकरी सोडली.
तिने ओळ पूर्ण केली. गाठ मारली. दोरा दाताने तोडला. मग विचारलं, शेठने काढलं? म्हटलं, नाही, मीच. बिझनेससाठी. इथे माझी गरज आहे म्हणून.
तिने माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत इतकं कोणी बघितलं नव्हतं. "तुमी माका इचारूक नाय," म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मग पुढे काय, खायचं काय, असं ती विचारेल म्हणून मी पॉईंट मनात लावत होतो. तिने तेही विचारलं नाही. बोटाची चिंधी घट्ट केली.
"मगे ह्येका धरा," म्हणाली. ओमकार माझ्या मांडीवर दिला, पाय उलटे. मी सरळ करेपर्यंत ती सुई ओवून परत बसली होती.
तो रडला. बराच रडला. मी खळ्यात फिरवला, साड्या उडताना दाखवल्या, कोंबड्या दाखवल्या, गोडाऊनमध्ये ट्रक भरताना म्हणतो ते म्हटलं. त्याने माझ्या शर्टाचं बटण तोंडात घातलं आणि कधीतरी झोपला.
मग ओसरीवर भिंतीला टेकून बसलो. आये आली, विनीताकाकी आली. तिघी तीन बाजूंनी. कोणी उठत नाही. सुयांचा आवाज येतो, अगदी बारीक. आये म्हणाली, आज खूप झाली गो. परवा होईल, रसिका म्हणाली, दुपारपर्यंतच होईल.
अजयकडे न्यायच्या वेळी टी. ओ. क्विल्ट्सचं लेबल लावायचं का, ते विचारायचं होतं. एकदा घसा खाकरला. तिघींनी माना वर केल्या, माझ्याकडे नाही, ओमकारकडे. तो उठला नाही. माना खाली.
पाऊण तास झाला. डावा पाय पूर्ण बधिर आहे. शर्ट ओला आहे, कशाने ते बघता येत नाही. उजव्या हाताने एवढं लिहिलं. पान उलटलं तर आवाज होईल.