फोन मला आला तेव्हा

प्रिय शशी,

धाकट्या दिराला पत्र लिहिताना आधी आशीर्वाद लिहायचे असतात. हे पत्र मी पाठवणार नाही, तरी आशीर्वाद लिहायची लाज वाटतेय.

गणपतीत नॉटिंगहॅमच्या हॉलमध्ये स्टेम सेल दात्यांची नोंदणी मीच करत होते. ब्लड कॅन्सरच्या आपल्या भारतीय पेशंटना जुळणारे दाते फार कमी मिळतात, हे सांगताना माझा आवाज चढायचा. तू हळूच विचारलंस, "वहिनी, उद्या सेल जुळले म्हणून खरंच फोन आला तर? मला सुईची भीती वाटते."

मी माइकवरून म्हणाले, "ऐका, एवढ्या मोठ्या इंजिनिअरला सुईची भीती वाटते."

सगळे हसले. तू लालबुंद होऊन गालाच्या आतून नमुना दिलास.

दात्यांच्या यादीत माझंही नाव होतं; मार्चमध्ये फोन मला आला. एका पेशंटशी माझे सेल जुळत होते. मी म्हणाले, आईचं ऑपरेशन आहे, इंडियाला चाललेय. आई ठणठणीत आहे. मी घाबरले होते. त्याच शनिवारी मी पुन्हा टेबल मांडून बसले आणि तीस जणांची नोंदणी केली.

काल तुझ्या ऋजुताने फोनवर सांगितलं, की तू सेल दिलेस. पाच तास दोन्ही हातांत सुया आणि डोळे घट्ट मिटलेले. "तो म्हणतो, वहिनींमुळे जमलं," ती म्हणाली.

मी म्हणाले, "शाब्बास म्हणावं त्याला."

माझ्या त्या पेशंटला दुसरं कुणी मिळालं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

तुझी,
अरुणा वहिनी