बाबांच्या नडगीवरचा खड्डा

मंगळवार, संध्याकाळ. कोपरचं घर.

आज परत बाबांच्या नडगीवर अंगठा दाबून बघितला. खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. मीठ बंद, पाणी मोजून, गोळ्या वेळेवर. मग ही सूज येते कुठून?

हृदयाच्या इकोत पंपिंग नॉर्मल आणि डॉक्टर म्हणतात हार्ट फेल्युअर! मला कळेचना. शेवटी त्यांनी स्वतःची मूठ दाखवली. आवळते नीट, पण सैल पडत नाही. हृदय ताठर झालंय, रक्त पुरेसं भरतच नाही, म्हणून पाणी पायात साचतं. तेव्हापासून मी येताजाता मूठ उघडमीट करतेय. सैल पडणं हेही हृदयाचं काम असतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पण मीठ बंद असताना एवढी सूज? आज मुद्दाम आईच्या मागे ओट्यापाशी उभी राहिले. तिनं आमटीत चमचाभर सैंधव टाकलं.

"आई, अगं हे काय?"

"सैंधव आहे. उपासाला चालतं, ते मीठ कसं होईल?"

तेही मीठच, हे सांगितल्यावर तिनं पातेलं गॅसवरून उतरवलं. मी बाबांना विचारलं, तुम्हाला चव कळली नाही?

"पहिल्या घासाला कळली. पण अळणी मला जाईना, तर तुझी आईही ताटावरून तशीच उठायची. सैंधव आलं आणि ती जेवायला लागली."

आईनं आमटी नव्यानं केली, अळणी. बाबांनी दोनदा मागून घेतली. तिचं ताट रिकामं होईपर्यंत जेवत राहिले.