सतरा नंबरचा सांधा

१ सप्टेंबर २०२५
लागले एकदाची! मोटारींच्या सांगाड्यांना वेल्डिंगचे टाके मारून मारून वीट आला होता. आता चाकणच्या या कारखान्यात मी युद्धनौकेचे दरवाजे जोडणार. मुंबईच्या गोदीत एक नवी विनाशिका उभी राहते आहे, तिचे दरवाजे आमच्याकडे. जहाजाच्या एका खोलीत पाणी शिरलंच तर पुढच्या खोलीत थेंबही जाता कामा नये, असे. समुद्र राहिला घाटाखाली आणि त्याला अडवायचं काम आम्ही इथे माळावर बसून करतो, याची सकाळपासून गंमत वाटते आहे. आईने देहूरोडला अख्ख्या आळीत पेढे वाटले. आमची मिनल नौदलात गेली, असंच सांगत सुटली आहे ती.

सुपरवायझर सोपानरावांनी मला आकडे ठोकायच्या पंचांची जोडी दिली, एक चाराचा, एक एकाचा. माझा नंबर ४१. वेल्डिंगचा सांधा पुरा झाला की त्याच्या शेवटी आपला नंबर पोलादात ठोकायचा, ही इथली रीत. जहाज भंगारात निघेपर्यंत तो राहतो. माझा ४१ समुद्रावर जाणार! ही वही जॅकेटच्या खिशातच ठेवणार आहे, चहाच्या सुट्टीत लिहायला.

५ सप्टेंबर
मला मिळालेली जागा चिमाजी नावाच्या वेल्डरची. गेल्या महिन्यात झोपेतच गेले. टूलरूममध्ये त्यांचा हार घातलेला फोटो आहे. कमरेवर हात, उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच. तरुणपणी प्रेस मशीनमध्ये गेलं म्हणे. फोटोखाली त्यांचे पंच टांगलेत, १७ नंबरचे. तो नंबर आता कुणालाच मिळायचा नाही.

गेटजवळ एक जुना दरवाजा उभा करून ठेवलाय. वीसेक वर्षं एका विनाशिकेवर राबून मोठ्या दुरुस्तीत उतरवलेला. तिला एकदा धडक बसून पोटात पाणी घुसलं, तेव्हा या दरवाजाने ते अडवलं आणि पलीकडची माणसं वाचली. रंग उडालाय, पत्रा मिठाने खाल्लाय, सांधा मात्र काल मारल्यासारखा. शेवटी १७. येणारा-जाणारा त्याला हात लावून आत येतो. मीही लावला. न लावून सांगते कुणाला?

१० सप्टेंबर
चिमाजी असे, चिमाजी तसे. कँटीनच्या शालनबाईसुद्धा चहा ओतताना चिमाजींना साखर किती लागायची ते सांगतात. मेलेल्या माणसावर जळू नये, कळतं मला. पण पोटात दुखतं त्याला काय करू? जिवंत माणूस कधीतरी चुकतो तरी. हा आता चुकणारच नाही.

त्यांचा शेवटचा, अर्धवट राहिलेला दरवाजा माझ्याकडे आला. चौकटीच्या दोन बाजू त्यांच्या, दोन मी पुऱ्या करायच्या. सोपानरावांनी बजावलं, "हितवर त्याचा सांधा हाय. त्याच्या टोकाला भिडवून तुजा चालू कर. त्याच्या नंबराला हात लावायचा न्हाई."

१५ सप्टेंबर
माझ्या दोन्ही बाजू पुऱ्या झाल्या. आज सोपानराव नव्या भरतीच्या मुलांना घेऊन आले. सांधा कसा असावा ते दाखवायला. सगळी पोरं माझ्याकडे पाठ करून चिमाजींच्या बाजूवर वाकली. एकाने फोटो काढला. मला म्हणाला, ताई, जरा बाजूला व्हा ना, सावली पडतेय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

१७ सप्टेंबर
केलं. सगळे जेवायला गेले होते. ग्राइंडरने १७ घासून काढला, जागा गुळगुळीत केली आणि तिथे माझा ४१ ठोकला. इतकं हलकं वाटलं की डबा दुप्पट गेला.

१९ सप्टेंबर
नौदलाच्या तपासनीस विजयश्री मॅडम पहिल्यांदाच आल्या. चिमाजींच्या बाजूपाशी थांबल्या, हातमोजा काढून सांध्यावरून बोट फिरवलं, नंबर वाचला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या की असा हात फार कमी जणांचा असतो. सोपानराव नेमके रजेवर. मी मान खाली घालून थँक यू मॅडम म्हटलं. आजचा दिवस मला जन्मभर पुरेल.

२३ सप्टेंबर
दरवाजा चाचणीच्या लोखंडी पेटीला बसवला, खोलीएवढी आहे ती. आधी खडूची चाचणी. चौकटीच्या धारेला खडू फासायचा, दरवाजा आवळून बंद करायचा, उघडायचा. दरवाजाच्या रबरावर खडूची रेघ अखंड उमटली तर पास. जिथे तुटली, तिथून पाणी शिरणार.

रेघ तुटली. मी घासलेल्या नंबराशेजारीच. रबर बदललं, परत केलं. परत तिथेच. चौकट कुठेतरी वाकली असणार.

२६ सप्टेंबर
चौकट सरळ आहे. मापं बरोबर आहेत. आज त्या तुटक्या जागा नीट बघितल्या. चार आहेत, शेजारीशेजारी, बोटाएवढ्या रुंद. तीन लांब आणि एक अर्धी. बंद होणाऱ्या दरवाजात कुणीतरी आतून हात घातल्यासारख्या.

सोपानरावांनी बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मग चौकटीवर बोट ठेवून विचारलं, त्याचा नंबर कुठं हाय? मी म्हटलं, त्या बाजूला भेग होती, सगळं काढून मीच परत मारलं. त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. "सगळाच तुजा म्हन्तीस?"

हो, म्हटलं. सगळाच माझा.

२९ सप्टेंबर
सोपानराव पुन्हा आले. हळू बोलले. खंडेनवमीच्या आत १७ परत ठोक, पंच मी काढून देतो, वर कुणाला कळणार नाही. मला रडू आलं. भीतीने हो म्हणणारच होते. मग डोळ्यांसमोर आलं, मॅडम वाकून १७ वाचताहेत.

नाही म्हटलं.

३० सप्टेंबर
जॅकेट काढलं तर पाठीवर खडूचा पंजा. पोरं हसली. मग एक बोट अर्धं दिसलं, तशी हसायची थांबली.

मी सकाळपासून भिंतीला पाठ लावून काम करत होते. कुणी मागे आलंच नव्हतं —

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारं पूजेला मांडली. मशिनी बंद, त्यांना झेंडूचे हार. माझे पंचही तिथेच, चिमाजींच्या पंचांशेजारी. आज कुणी कशाला हात लावत नाही.

परवा मॅडम चाचणी बघायला येणार. रेघ तुटली तर सांधा उघडतील, घासलेलं दिसेल, नोकरी जाईल. देहूरोडला काय तोंड दाखवू? सगळे आरतीला गेलेत. पेटीत शिरून दरवाजा लावून बघते, उजेड कुठून येतो ते.

आत आहे. आतून खटका फिरवला. टॉर्च विझवून पाहिली. उजेड कुठूनच नाही. परत लावली. फट नाही! पास —

खटका फिरत नाही.

मघाशी आरती ऐकू येत होती. आता काहीच नाही. हाका मारल्या. माझा आवाज मलाच —

कडेला लाल ठिपका. सरकतोय. बाहेर कुणीतरी वेल्डिंग — पण मशिनी बंद — हार घातलेले —

रबर जळतंय. धूर. लाल रेघ कोपऱ्यावरून वळली, न अडखळता. माझा हात कोपऱ्यावर नेहमी अडखळतो. काय सुरेख — मेला, अजूनही माझ्यापेक्षा —

चिमाजीकाका, चुकले. सतरा परत ठोकते. आत्ता ठोकते. उघडा —

रेघ पुरी झाली. काका थांबले.

ठोकताहेत. पत्रा आत फुगून आकडा उमटतोय, उलटा. पहिला — एक नाही. चार.

चार कसा. तुमचा तर —

दुसरा. एक.

नको. माझा नाही. सांधा तुमचाच, सगळा तुम—