एका रात्रीचं बूच

कडेगाव,
ता. १४ फेब्रुवारी १९७८

चि. राहीस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. ऊस तुटून गेला. शेळीला दोन करडं झाली. तुझी परीक्षा तोंडावर, म्हणून आठ दिवस पत्र टाकलं नाही.

पाव्हणे घर बघून गेले. आण्णांनी फेटा बांधून तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांना, सयाजीरावांना, सगळं शेत पायी फिरवलं. दोन वर्षांमागं हाच माणूस ताटावर पेंगायचा आणि भावकी म्हणायची, पेन्शनीची दारू पितोय. झोपेत श्वासच अडतो हे पुण्याच्या डॉक्टरांनी ओळखलं, गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि माझा माणूस मला परत मिळाला. दिवसा नळीला बूच लावून बोलायचं, निजताना काढायचं. एवढंच तर होतं.

पण घरधन्यानं सोप्यात पाव्हण्यांशेजारी निजायचं, ही आपली रीत. उघड्या नळीतून श्वासाची शिट्टी वाजते, ती ऐकून सोयरीक मोडली तर? आण्णांनी बूच तसंच ठेवलं, वर मफलर गुंडाळला.

पहाटे सयाजीरावांनीच हाक मारली, "आवं बाई, पळा, ह्यांचा श्वास बंद पडलाय." ओठ जांभळे झाले होते. मी बूच उपटलं तेव्हा कुठं छाती हलली. पाव्हणे चहा न घेता गेले. अजून निरोप नाही.

मग आण्णा म्हणाले, लग्न होईस्तोवर रात्रीही बूच राहू दे. "पोरीच्या नशिबापरास माझा श्वास मोठा हाय व्हय?" मी बूच पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. तीन दिवस झाले. नळीवर बोट धरलं तरी बोलता येतं, पण ते बोटही उचलत नाहीत. पाटीवर लिहून माझ्यापुढं धरतात: बूच दे.

राही, वर मी खोटं लिहिलं. आण्णा बूच काढायलाच निघाले होते. मी हात धरला. म्हटलं, "एक रात तर हाय."

फार भ्याले गं मी. रोज शिट्टी ऐकत जागी बसते. ती वाजते तोवर माझं कुंकू.

शनिवारच्या एस.टी.नं ये. परीक्षा बुडाली तर बुडू दे. आण्णांसमोर बसून सांग, नळी बघून जे घर फिरेल तिथं मला नांदायचं नाही. मी कुठल्या तोंडानं सांगू?

आलीस की बूच तुझ्याकडे देईन. माझ्या हातांचा मला भरवसा राहिला नाही.

तुझी वाट बघणारी,
आई