वेटिंगवर पहिली

२४ मार्च
मेल आला! बेंगलोरच्या लॅबमधली दोन महिन्यांची इंटर्नशिप, आमच्या एमएस्सीच्या वर्गातनं एकच जागा. मोनाला मिळाली. मी — वेटिंगवर पहिली.
अब्बांना सांगितलं तर शिलाई मशीन थांबवून म्हणाले, "पहिली म्हंजे पहिलीच की!" आणि गल्लीत पेढे वाटून आले. आता काय बोलायचं!

२६ मार्च
मोनाचे वडील म्हणतात, "सोयरीक जमली तर बेंगलोर-बिंगलोर काय न्हाय." रविवारी कागलचे पाहुणे येणार. मेलला होकार सोमवारपर्यंत कळवायचा.
मोना कँटीनमध्ये रडली. मी पाणी आणून दिलं. देताना मनात काय आलं? जमू दे. जमू दे म्हणजे जागा माझी. शी! पण आलं खरं.

२७ मार्च
परत लॅबचा फोटो उघडून बसले. काचेचं दार, खिडकीबाहेर झाड. त्या खिडकीशी मला उभं राहायचंय. बास्स, दोन महिने! गोबरगॅसच्या शेणातले जंतू शोधत वर्षभर नाक दाबून बसले — ते काय वेटिंगसाठी?
अब्बांनी माझा पांढरा कोट शिवून ठेवलाय. खिशावर नाव पण भरलं — नुजहत. नको म्हटलं, तर ऐकतील ते अब्बा कसले.

२९ मार्च, रविवार
मोना म्हणाली, "तू ये, मला धीर येतो." गेले. मुलगा राजवर्धन पोह्यांतच गुंतलेला. बोलत होती त्याची आत्या, धोंडुबाई. पोहे झाल्यावर तिनं मला घरामागच्या परड्यात गाठलं. "पोरी, खरं सांग. कशी हाय तुझी मैत्रीण?"
एवढंच सांगायला हवं होतं — तिला आत्ता लग्न नको, शिकायचंय. पाहुणे उठून गेले असते. मोना खिडकीतनं माझ्याकडेच बघत होती.
मी म्हणाले, "लाखात एक हाय, आत्या. कुणाला उलटून बोलत न्हाय. हातात घेतलेलं काम अर्धं सोडत न्हाय. बेंगलोरला दोन महिन्यांसाठी आख्ख्या वर्गातनं हिलाच निवडलंय, बघा!"
एक शब्द खोटा नव्हता. तरी घरी येऊन लॅबचा फोटो उघडला नाही.

३० मार्च
पसंती आली.
दुपारभर मेल बघत बसले. चारला मोनाच पळत आली, गळ्यात पडली. धोंडुबाईंनी तिच्या वडलांना फोनवर झापलं म्हणे — "तिची मैत्रीणच सांगत हुती, आख्ख्या वर्गातनं निवडलंय पोरीला. आन् तुम्ही अडवता? जाऊ दे की दोन महिनं! लगीन दिवाळी झाल्यावर."
"नुजू, तुझ्यामुळं!" मोना रडत होती. मी पण. तिला वाटलं, आनंदानं.

१ मे
मोना उद्या निघणार. कोट घ्यायचा राहिला तिचा. तिचं-माझं माप एकच, माझा दिला. आधी खिशावरचं नाव उसवलं. वेळ लागला. अब्बांची टीप पक्की असते.