बडग्याच्या अंगातलं जाकीट

नागपूर,
सप्टेंबर १९८२

प्रिय मधुसूदन,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने आधीच लिहून झाला, म्हणून राहू दिला. तुझी खुशाली विचारत नाही. तू खुशालच असणार, तुला काय धाड भरली आहे? दर महिन्याला आईबाबांच्या वतीने तुला जे गोड पत्र जातं, ते हे नव्हे. हे माझं एकटीचं आहे. अर्ध्यावर घडी घालून उशीखाली सारू नकोस, शेवटपर्यंत वाच.

ताराचंदकाकांचा जावई उन्हाळ्यात सुट्टीवर आला होता. तोच, आखाताकडच्या त्या बेटावर तुझ्याबरोबर काम करणारा. लकडगंजच्या चौकात पानठेल्यावर उभा राहून मोठ्या अभिमानाने सांगत होता, "आपला मधुभाऊ तिकडे गोऱ्या पलटणीचा रनवे बनवून राहिला. मोठा फोरमन हाये." ठेल्यावर बाबा उभे होते. तू दोन वर्षं आम्हाला काय लिहीत होतास, आठवतं? हाजी लोकांची विमानं उतरायला विमानतळ बांधतोय, पुण्याचं काम आहे. आईने ते वाक्य गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं होतं. पुण्याचं काम! आईशी खोटं बोलायचंच होतं तर निदान त्यात देवाधर्माला ओढायचं नव्हतं.

बाबा त्या दिवशी घरी आले ते सरळ खुंटीपाशी गेले. जाकीट काढून पेटीत टाकलं. तू पाठवलेलं ते खाकी जाकीट, छातीवर इंग्रजी अक्षरं शिवलेलं. दोन हिवाळे बाबा ते घालून आरागिरणीत गेले. लाकडाचा भुसा त्यावर बसला की घरी येऊन आधी ते झटकायचे, मग हातपाय धुवायचे. कोणी विचारलं नाही तरी सांगायचे, "माह्या पोरानं धाडलं." आता ठेल्यावरचे टवाळ विचारायला लागले, "काहून चंपतराव, गोऱ्या पलटणीत भरती झाले का गा?" बाबांनी त्या चौकातून जाणंच सोडलं. आरागिरणीला मागच्या गल्लीतून, नालीकाठाने जायला लागले.

दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मी म्हटलं असतं, पोटासाठी माणूस काय काय करतो, सोडून द्या. पण हे आपले बाबा आहेत. कामठीच्या पुढे कन्हान नदीच्या पात्रातल्या वाळूत आजोबांची खरबुजांची डांगरवाडी होती, ते तुला माझ्याइतकंच पाठ आहे. पलीकडे इंग्रजांची चांदमारी. नेमबाजी असली की तांबडा झेंडा चढायचा, आणि झेंडा उतरेपर्यंत कुणी पात्रात पाय टाकायचा नाही. एका उन्हाळ्यात तो झेंडा उतरेचना. बाबा लहान होते. आजोबांच्या शेजारी काठावर बसून ते रोज बघायचे, आपली पिकलेली डांगरं आपल्याच डोळ्यांसमोर फुटताहेत, कोल्हे येऊन खाताहेत. कोल्ह्यांना बंदी नव्हती. आजोबांनी पुढच्या वर्षी वाडी सोडली आणि नागपुरात लाकडं वाहायला आले. कामठीच्या त्या छावणीत कधीपासून आपली पलटण आहे, तरी त्या रस्त्याने जाताना बाबांची नजर अजून वर जाते, झेंडा शोधत. आणि डांगर आपल्या घरात कधी आलं नाही. आईने एकदा आणलं तेव्हा जेवणावरून उठून गेले होते.

ही गोष्ट तू किती जणांना ऐकवलीस रे. कॉलेजात असताना दिएगो गार्सियावरून पेपरांत रान उठलं होतं. बेट इंग्रजांच्या ताब्यातलं, तळ अमेरिकेचा, आणि तिथल्या माणसांना बोटींत घालून दुसरीकडे नेऊन टाकलेलं. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला मिरवून जाळायचा गल्लीचा बडग्याचा पुतळा त्याच विषयावर केला, तो तुझ्या हट्टाने. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा बाबांनी बांधला, कागद मी चिकटवले, पाटी तू रंगवलीस, 'दुसऱ्याच्या अंगणात खाट टाकणाऱ्याला घेऊन जा गे मारबत!' मी तुला डिवचलं होतं की खाटा काय एकट्या अमेरिकेच्याच आहेत? फ्रेंचांच्या आहेत, इंग्रजांच्या आहेत, तुझ्या लाडक्या रशियाच्याही आहेत. तू चिडलास, म्हणालास, सगळ्यांच्या उचलून फेकल्या पाहिजेत. मी अजून शाळेत भूगोल शिकवते. जगाचा नकाशा फळ्यावर टांगला की तुझं बेट कुठे असेल ते माझे डोळे आपोआप शोधतात, आणि मला तुझा राग येतो. फार राग येतो. तिथेही कुणाची तरी वाडी असेल. खजुराची असेल, मासे वाळत घालायची जागा असेल. तिथेही कुणीतरी कुंपणाबाहेर बसून बघत असेल, आणि आतल्या बाजूला डांबर ओतून घेणारा फोरमन आपला मधुसूदन.

यंदा गल्लीतल्या मंडळींनी पुन्हा परकी लष्करी तळांचाच विषय घेतला. कुणी मुद्दाम घेतला की सहज, देव जाणे. बाबा सांगाडा बांधणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण ते आरागिरणीतून येऊन रोज बांधत बसले. चांगला उंच शिपाई केला. मग घरटी एक कापड मागायची वेळ आली. तुला आठवतं ना, प्रत्येक घराने बडग्याला एक जुनं कापड द्यायचं, म्हणजे त्याबरोबर घरातली इडापिडा जाते. दिलेलं कापड परत घ्यायचं नाही. घेतलं तर साऱ्या गल्लीची पीडा आपल्या घरी येते. लहानपणी तू तुझी टोपी परत काढून घेतलीस तेव्हा बाबांनी सर्वांदेखत तुझ्या थोबाडीत मारली होती. यंदा आई जुनं लुगडं घेऊन निघाली, तर बाबा म्हणाले, "राहू दे. आपल्या घरचं मी देतो." आणि पेटीतून ते जाकीट काढून त्यांनी स्वतःच्या हाताने शिपायाच्या अंगात घातलं. गुंड्या लावल्या. आई दारात उभी होती, ती भिंतीला टेकून खाली बसली. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, झालं एकदाचं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यामागे बडग्यांची मिरवणूक निघाली. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" सगळी इतवारी ओरडत होती, मीसुद्धा घसा कोरडा पडेपर्यंत ओरडले. तुझ्या नावाने ओरडले. बाबा बडग्याबरोबर तलावापर्यंत चालत गेले. मी तलावाच्या काठाला, पाळीवर, त्यांच्या शेजारीच उभी होते. आग लावली, कागद भडकला, पायापासून जाळ वर चढला, आणि कुणाला काही कळायच्या आत बाबा त्या जाळात शिरले. गुंड्या सुटेनात. त्यांनी ओढून काढलं ते जाकीट, एक बाही जळत असताना, आणि छातीशी धरून विझवलं. तीस वर्षं ज्याने गल्लीला तो नियम पाळायला लावला, त्याने. ताराचंदकाका म्हणाले, "चंपतराव, हे काहून केलं गा?" बाबा म्हणाले, "पोराचं हाये."

त्यांच्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत. बोटं मिटत नाहीत, आरागिरणी सुटली ती सुटलीच. आई घास भरवते. गल्लीतली माणसं आमच्या दारावरून जाताना जरा लांबून जातात, कारण सगळ्यांची पीडा आता आमच्या घरात आहे. आईने जाकीट घरात येऊ दिलं नाही आणि बाबांनी टाकू दिलं नाही. ते अंगणात दोरीवर लटकतं आहे. काल बाबा मला म्हणाले, "लिहून दे वं यमू त्याले, सगळं मजेत हाये म्हणून. हाताचं लिहू नको." म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्यांच्या तोंडून तुझ्यासाठी आणखी एक खोटं मी लिहिणार नाही. दिवाळीला येतोस असं तू कळवलं आहेस. ये, पण पेढे घेऊन येऊ नकोस. अंगणातलं ते जाकीट काढ, अंगात घाल, आणि बाबांच्या समोर बसून सांग की तू कुणासाठी डांबर ओततोस. ते काय म्हणतील मला माहीत नाही. बहुधा तुला जेवायला वाढायला सांगतील. माझ्याकडून मात्र तशी आशा ठेवू नकोस. माझा हात जाळाच्या त्यांच्याइतकाच जवळ होता, आणि मी तो पुढे केला नाही.

तुझीच,
यमुताई